युक्रेनची नाणी: त्यांचा इतिहास आणि संग्राहकांच्या बाजारातील किंमत

मंगरूळचे मास्तर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात एका खेड्यात राहतो आणि प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. माझी धाकटी मुलगी युक्रेनमधील विन्नित्सिया या शहरात वैद्यकीय शिक्षण घेत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धाला तोंड फुटल्यावर ती आणि तिच्या सोबतच्या मुली बसने रुमानियाच्या सीमेकडे निघाल्या, शेवटचे काही किलोमीटर थंडीत पायी चालल्या आणि ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानाने मार्चच्या पहिल्या आठवड्यात मायदेशी पोहोचल्या. पुस्तके, कपडे, भांडी सगळे वसतिगृहातच राहिले. पासपोर्टच्या पिशवीत एक कापडी बटवा होता, तेवढा मात्र तिच्यासोबत आला. त्या बटव्यात ४३ नाणी आहेत.

साडेतीन वर्षे तो बटवा देवघरातल्या फडताळात तसाच पडून होता. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागला आणि माझ्या पत्नीने देवाच्या उपकरणांसोबत त्यातली पिवळी नाणीही चिंच-मीठ लावून घासली. ती इतकी लखलखीत निघाली की मी कौतुकाने त्यांचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहात टाकले. ते कुठून कुठे फिरले कोण जाणे, पण तिसऱ्याच दिवशी एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला. त्यात म्हटले होते की १९९२ सालच्या ५० कोपियकांच्या (कोपियका म्हणजे तिथले सुटे पैसे) एका नाण्याला दोन लाख रुपये मिळतील, मात्र त्यासाठी आधी २,१०० रुपये नोंदणी शुल्क भरावे लागेल.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या नाण्यांमध्ये एक मोठे, जड, पांढरे नाणे आहे आणि त्यावर २,००,००० असा आकडा आहे. आमच्या गावातील मंडळींची समजूत झाली आहे की मुलीने दोन लाखांचे नाणे आणले. मी ते सराफाला दाखवले, तेव्हा ते चांदीचे नाही एवढेच त्यांनी कसोटी पाहून सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. ही नाणी कोणत्या काळातली आहेत? १९९२ चे नाणे खरोखर दुर्मीळ आहे का? दोन लाखांच्या आकड्याचा अर्थ काय? आणि त्या माणसाला पैसे पाठवावेत का? मुलीला ही नाणी विकायची नाहीत, परंतु आपल्या घरात काय आहे हे कळावे असे मनापासून वाटते.

नागपूरचा नाणेसंग्राहक यांचे उत्तर

गुरुजी, नमस्कार. सर्वात आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: एक पैसाही पाठवू नका आणि त्या क्रमांकाशी बोलणे आजच बंद करा. खरा नाणे-व्यापारी नाणे हातात घेतो, भिंगाखाली पाहतो, वजन करतो आणि मग पैसे देतो. विकणाऱ्याकडूनच आधी शुल्क मागणारा माणूस या व्यवसायातला नसतो.

आता नाण्यांकडे वळू. मी गेली बावीस वर्षे परदेशी नाणी जमवतो आणि पूर्व युरोप हा माझा विशेष आवडीचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युक्रेन २४ ऑगस्ट १९९१ रोजी सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. स्वतःचे चलन हवे हे लगेच ठरले, चलनाचे नाव ‘ह्रिव्निया’ आणि त्याचा शंभरावा भाग ‘कोपियका’ हेही ठरले आणि १९९२ मध्ये नाणी पाडायलाही सुरुवात झाली. देशात तेव्हा स्वतःची टांकसाळ नव्हती. त्यामुळे पहिली नाणी काही इटलीच्या टांकसाळीत आणि काही देशाच्या पूर्वेकडील लुहान्स्क शहरातल्या काडतुसे बनवणाऱ्या कारखान्यात पाडली गेली. काडतुसाचे पितळी कवच ठोकून घडवणाऱ्या कारखान्याला पितळेची चकती ठोकणे अवघड नव्हते, हे त्यामागचे साधे कारण. ज्या लुहान्स्कमध्ये या देशाच्या पहिल्या नाण्यांवर ठसे उमटले, ते शहर २०१४ पासून युक्रेनच्या ताब्यात नाही. तुमच्या हातातले १९९२ चे नाणे पाहताना मला प्रत्येक वेळी हे आठवते.

नाणी तयार झाली, पण बाजारात आणता आली नाहीत, कारण महागाईने कहर केला. १९९३ या एका वर्षात भाववाढ दहा हजार टक्क्यांच्या वर गेली. अशा वेळी पितळेच्या ५० कोपियका बाजारात आणल्या असत्या, तर महिन्याभरात त्यांतल्या धातूचीच किंमत नाण्यावरील आकड्यापेक्षा जास्त झाली असती. म्हणून १९९२ पासून देशाने ‘कार्बोवानेत्स’ नावाच्या तात्पुरत्या कागदी कूपनांवर व्यवहार चालवला आणि ही नाणी कोठारांत वाट पाहत राहिली. अखेर महागाई आटोक्यात आल्यावर २ ते १६ सप्टेंबर १९९६ या पंधरवड्यात चलनबदल झाला. व्हिक्टर युश्चेन्को, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते त्या वेळी राष्ट्रीय बँकेचे प्रमुख होते. बदलाचा दर होता एक लाख कार्बोवानेत्सला एक ह्रिव्निया.

तुमच्या दोन लाखांच्या नाण्याचे कोडे इथेच सुटते. आकडा कार्बोवानेत्समधला आहे, म्हणजे नव्या चलनात त्याची किंमत अवघी दोन ह्रिव्निया झाली. त्या वेळी एका अमेरिकन डॉलरला साधारण १.७६ ह्रिव्निया मिळत, तेव्हा आपल्या हिशेबाने चाळीसेक रुपये धरा. १९९५ आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय बँकेने याच किमतीची काही स्मारक नाणी तांबे-निकेलच्या मिश्रधातूत काढली. सराफांनी चांदी नाही म्हणून सांगितले ते बरोबरच आहे. तरीही तुमच्या बटव्यातले सर्वात लक्षवेधी नाणे हेच असेल असा माझा अंदाज आहे, कारण कार्बोवानेत्सची नाणी रोजच्या व्यवहारासाठी कधी पाडलीच गेली नाहीत आणि स्मारक नाणी फक्त या दोन वर्षांची आहेत. त्यावर कोणता प्रसंग कोरला आहे ते मुलीकडून वाचून घ्या.

१९९२ हे साल मात्र दुर्मीळ अजिबात नाही. युक्रेनच्या नाण्यांत सर्वात जास्त हाती येणाऱ्या सालांपैकी ते एक आहे. दुर्मीळ साले वेगळी आहेत: १९९६ सालची १ कोपियका, १९९६ च्याच २ कोपियका, १९९५ ची १ ह्रिव्निया. यांपैकी एखादे निघाले तर इथे अवश्य कळवा, मात्र सालाचा आकडा भिंगाने नीट तपासा, कारण आकडा कोरून बदललेली नाणीही बाजारात फिरतात.

१९९२ च्या नाण्यात साल पाहून भागत नाही, ठसा पाहावा लागतो. एका वर्षाची नाणी एकाहून अधिक ठिकाणी आणि वेगवेगळ्या ठशांनी पाडल्यामुळे त्यांच्यात बारीक फरक राहिले. ५० कोपियकांच्या नाण्यावरील पानांच्या नक्षीत फळांचे छोटे घोस आहेत. काही नाण्यांत घोसात चार फळे असतात, काहींत पाच, आणि युक्रेनमधले संग्राहक त्यांना चक्क ‘चार फळी’ आणि ‘पाच फळी’ अशा अर्थाच्या नावांनीच ओळखतात. तसेच कडेवरचे दाते काहींत बारीक आहेत, काहींत जाड. फळे, दाते आणि आकड्यांची ठेवण यांच्या जुळणीवरून तिकडे सूक्ष्म वर्गीकरण केले आहे आणि त्यातील एखादी जुळणी क्वचित सापडणारी असते. तुमच्याकडे भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन, उजेड एका बाजूने पाडून पाहा. समोरून उजेड पाडला की चकाकीमुळे काहीच दिसत नाही.

धातूंविषयी थोडे सांगतो. सुरुवातीच्या १०, २५ आणि ५० कोपियका पितळेच्या आहेत आणि त्यांना लोहचुंबक चिकटत नाही. अलीकडची काही नाणी पितळी मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत आणि ती चिकटतात. २ कोपियकांचे जुने नाणे ॲल्युमिनियमचे, वजनाने जेमतेम ०.६४ ग्रॅम, आपल्या २० पैशांच्या षटकोनी नाण्यापेक्षाही हलके. एक गमतीची गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल: ५ कोपियकांचे नाणे २४ मिलिमीटरचे आहे आणि १० कोपियकांचे १६.३ मिलिमीटरचे, म्हणजे कमी किमतीचे नाणे आकाराने कितीतरी मोठे. कीव्हमधील राष्ट्रीय बँकेची टांकसाळ १९९८ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून नाणी तिथे पाडली जाऊ लागली.

आता एक अप्रिय गोष्ट. चिंच-मीठाने घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते. पितळेवर काळानुसार जो तपकिरी थर चढतो तो मळ नसून नाण्याचा स्वतःचा रंग असतो. आम्ल लावून घासले की तो थर जातो, पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे येतात आणि जाणकाराला ते पाहताक्षणी कळते. वहिनींचा यात काही दोष नाही, आपल्याकडे पितळ म्हटले की चिंच हेच शिकवले आहे. उरलेल्या नाण्यांना मात्र हात लावू नका. फार तर साध्या कोमट पाण्यातून काढून मऊ सुती कापडावर टिपून घ्या, चोळू नका. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ते प्लास्टिक पाझरते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात ते वापरा.

किमतीविषयी स्पष्टच लिहितो. वापरून झिजलेल्या सर्वसाधारण ह्रिव्निया-कोपियकांना भारतात नगाला दहा-वीस रुपयांच्या पुढे कोणी देत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, कारण करोडोंनी पाडलेल्या नाण्याची किंमत तेवढीच असायची.

अकोल्याच्या प्राध्यापिका यांचे उत्तर

वरील उत्तर वाचून आनंद झाला. मी प्राचीन इतिहास शिकवते, म्हणून १९९१ च्या मागे जाऊन थोडी भर घालते, कारण या भूमीतल्या नाण्यांचा इतिहास अडीच हजार वर्षांचा आहे आणि आपल्या भाषेशीही त्याचा एक धागा जुळतो.

‘ह्रिव्निया’ या शब्दाच्या मुळाशी मान किंवा आयाळ या अर्थाचा जुना स्लाव्ह शब्द ‘ग्रिवा’ आहे. आपल्या संस्कृतमधला ‘ग्रीवा’ हा त्याचाच सख्खा भाऊ. गळ्यात घालण्याच्या धातूच्या कड्याला आधी हे नाव होते, पुढे तेवढ्या वजनाच्या चांदीला ते लागले आणि मग चांदीच्या ठरावीक लगडीला. कीव्हच्या लगडी षट्कोनी असत आणि वजन साधारण १६० ग्रॅम भरे. आता आपल्याकडचा ‘निष्क’ आठवा. ऋग्वेदात निष्क हा गळ्यातला दागिना आहे आणि नंतरच्या ग्रंथांत तोच शब्द सोन्याच्या नाण्यासाठी येतो. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन समाजांत गळ्यातल्या दागिन्याचे नाव पैशाला मिळाले, याचे मला शिकवताना दरवर्षी नव्याने नवल वाटते.

उलटा प्रवासही दोन्हीकडे झाला. आपल्या आज्यांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ ज्या सोन्याच्या नाण्यावरून घडली त्याचा एक मूळ नमुना व्हेनिसचे डुकॅट हे नाणे होते. युक्रेनमधील स्त्रिया गळ्यात ‘दुकाच’ नावाचे नाण्यासारखे पदक घालत आणि ते नावही डुकॅटवरूनच आले आहे. मास्तरांच्या मुलीने तिकडच्या लोकवेशातल्या स्त्रियांच्या चित्रांत लाल मण्यांच्या माळेमध्ये हे पदक नक्की पाहिले असेल.

प्रत्यक्ष नाण्यांची सुरुवात काळ्या समुद्राच्या काठावरील ग्रीक वसाहतींत झाली. ओल्बिया हे त्यांतले एक नगर. तिथल्या लोकांनी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासून कांस्याची लहान-लहान डॉल्फिन माशांच्या आकाराची ओतीव नाणी वापरली. गोल चकती नाही, ठसा नाही, बोटाच्या पेराएवढा मासाच पैसा म्हणून हातात येतो. हे नगर दक्षिण बूग नदीच्या मुखाजवळ होते आणि मास्तर, तुमच्या मुलीचे विन्नित्सिया शहर याच नदीच्या वरच्या अंगाला वसले आहे.

दहाव्या शतकाच्या अखेरीस कीव्हचा राजा व्होलोदिमिर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बायझंटाइन सम्राटांच्या धर्तीवर स्वतःची सोन्याची व चांदीची नाणी पाडली. सोन्याचे ते ‘झ्लातनिक’ आणि चांदीचे ते ‘स्रिब्निक’. सोन्याची आजवर अकराच्या आसपास माहीत आहेत. चांदीच्या नाण्यांवरचा मजकूर मला फार भावतो: ‘व्होलोदिमिर सिंहासनावर, आणि ही त्याची चांदी’. राजा, आसन आणि धातू, तिन्हींची ग्वाही एका ओळीत. देशात चांदीच्या खाणी नव्हत्या, त्यामुळे व्यापारातून आलेल्या अरबी दिरहमांची चांदी त्यासाठी वापरली गेली. या राजाच्या स्रिब्निकांवर त्याच्या घराण्याचे त्रिशूळासारखे चिन्ह आहे. मास्तर, तुमच्या कोणत्याही कोपियकेची दर्शनी बाजू पाहा. तिथे तेच चिन्ह आहे, हजार वर्षांनी पुन्हा नाण्यावर आलेले. आपल्याकडे ते पाहून शंकराचे त्रिशूळ म्हणणारे अनेक भेटतात, पण त्याचा उगम त्या राजचिन्हात आहे.

मधल्या शतकांत हा प्रदेश लिथुआनिया, पोलंड, रशिया, ऑस्ट्रिया अशा वेगवेगळ्या सत्तांखाली होता आणि नाणीही त्यांचीच चालत. १९१७ नंतर काही वर्षे स्वतंत्र युक्रेनी सरकार होते, पण त्याने कागदी चलनच काढले, नाणी पाडली नाहीत. म्हणून १९९२ च्या कोपियकेचे मोल मी बाजारभावात मोजत नाही. कित्येक शतकांनंतर त्या भूमीने स्वतःच्या नावाने पाडलेले ते पहिले नाणे आहे.

तुम्ही मंगरूळपीरचे आहात म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याच तालुक्यातील तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या, पोटीन या मिश्रधातूच्या दीड हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला आणि कुंभ सातकर्णीसारखी, पुराणांतील राजांच्या यादीत नसलेली नावे त्या काळपट, ओबडधोबड नाण्यांवरून इतिहासाला कळली. ती नाणी कोणी चिंचेने घासून मोडीत घातली असती तर ते राजे कायमचे हरवले असते. शेतात असे काही निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

दारव्ह्याचा शेतकरी यांचे उत्तर

मास्तर, नोंदणी शुल्काच्या बाबतीत माझा अनुभव लिहितो, म्हणजे इतर कोणी फसणार नाही. चार वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका जुन्या नोटेसाठी असाच संदेश आला होता. आधी १,१०० रुपये नोंदणीचे मागितले, मग कराचे म्हणून ४,५०० आणि शेवटी विम्याचे ६,००० रुपये. प्रत्येक वेळी वाटायचे की एवढे भरले आहेत तर आणखी थोडे भरून मोठी रक्कम पदरात पाडून घ्यावी. सोयाबीनचे आलेले पैसे त्यात गेले. त्यांनी पाठवलेल्या पत्रावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह होते, म्हणून माझा विश्वास बसला. पुढे माझ्या भाच्याने दाखवले की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, त्यासाठी बँक कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. संदेश पुसून टाकू नका, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवताना तो उपयोगी पडतो.

मंगरूळचे मास्तर यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दारव्ह्याच्या दादांनी स्वतःचे दुःख उघड करून सांगितले, त्यामुळे आमच्या गावातले आणखी दोघे सावध झाले आहेत. तक्रार मी काल नोंदवली.

शाळेच्या विज्ञानपेटीतले माझे जुने भिंग काढून काल दुपारभर मी आणि मुलगी ओसरीत बसलो. ५० कोपियकांची तीन नाणी आहेत आणि तिन्ही १९९२ ची. नागपूरकर सरांनी सांगितल्याप्रमाणे उजेड बाजूने घेतला, तेव्हा घोस स्पष्ट दिसले. दोन नाण्यांत पाच-पाच फळे आहेत आणि एकात चारच. आधी वाटले की घासल्यामुळे एक फळ झिजले असेल, पण मुलीने दाखवले की चारही फळे ठळक आहेत आणि पाचव्याची जागाच तिथे नाही. कडेचे दाते मोजायला मात्र डोळ्यांनी साथ दिली नाही.

बाकी २५ कोपियकांची ४, १० ची १४, ५ ची ६, १ आणि २ कोपियकांची मिळून ५, एक ह्रिव्नियाची ५, दोनची ३ आणि पाचचे १ नाणे आहे. यांपैकी कशावरही १९९५ किंवा १९९६ साल नाही. एक नाणे वेगळे निघाले: त्यावर १५ आकडा आहे, मागे पृथ्वीचा गोल आणि त्यावर कोयता-हातोडा. मुलगी म्हणते की युक्रेनच्या नाण्यावर देशाचे नाव लिहिताना एका उभ्या दांडीसारख्या अक्षरावर दोन टिंबे येतात, तसे अक्षर रशियन लिपीत नसते, आणि या नाण्यावर ते नाही. तेव्हा हे सोव्हिएत काळातले असावे.

दोन लाखांच्या नाण्यावर ‘चोर्नोबिल’ असे लिहिलेले आहे आणि साल १९९६ आहे.

मुलीने एक माहिती सांगितली ती इथे देतो. ती तिथे गेली तेव्हा १, २ आणि ५ कोपियका व्यवहारातून नुकत्याच बाद झाल्या होत्या. दुकानातले एकूण बिल दहा कोपियकांच्या पटीत कमी-जास्त करून घेत आणि ही बाद नाणी वसतिगृहाच्या खिडक्यांत, टेबलांच्या खणांत पडलेली असत. तिने ती फक्त आवडली म्हणून गोळा केली होती.

नागपूरचा नाणेसंग्राहक यांचे उत्तर

गुरुजी, तुमची दुपार सार्थकी लागली. चार फळांचा आणि पाच फळांचा असे दोन्ही ठसे एकाच बटव्यात असणे ही अभ्यासाची उत्तम जोडी आहे. घासल्यामुळे बाजारभाव उरला नसला तरी ठसा तसाच आहे. दाते मोजण्याची एक सोपी युक्ती सांगतो: नाण्याची कड शाईच्या पॅडवर हलकेच टेकवून कोऱ्या कागदावर एक पूर्ण फेरी फिरवा. रेघा उमटतील, त्या निवांत मोजता येतात. हे त्या तीन घासलेल्या नाण्यांवरच करा, इतरांवर नको.

पंधरा कोपेकचे (कोपेक म्हणजे कोपियकेचे रशियन नाव) नाणे सोव्हिएत काळातलेच आहे. १९६१ च्या चलनसुधारणेनंतरचा हा नमुना १९९१ पर्यंत पाडला गेला, म्हणून ते अतिशय सामान्य आहे. तरी ते संग्रहातून वेगळे काढू नका. एका देशाची नाणी संपून दुसऱ्याची सुरू झाली, तो सांधा त्याच्यामुळे तुमच्या ताटात पूर्ण दिसतो.

मुलीने सांगितलेल्या माहितीला तारखा जोडतो. १, २ आणि ५ कोपियका १ ऑक्टोबर २०१९ पासून बाद झाल्या, २५ कोपियका १ ऑक्टोबर २०२० पासून आणि आता १ ऑक्टोबर २०२५ पासून १० कोपियकाही व्यवहारातून काढून घेण्यास सुरुवात झाली आहे. तुमच्या बटव्यात सर्वाधिक संख्या असलेली ती चौदा नाणी नुकतीच इतिहासजमा झाली म्हणायची. एवढेच नव्हे, तर ‘कोपियका’ हे नावही रशियन वारसा म्हणून सोडून देऊन ‘शाह’ हे जुने युक्रेनी नाव आणावे असा प्रस्ताव त्यांच्या राष्ट्रीय बँकेने २०२४ मध्ये मांडला आहे. २०१८ पासून आलेल्या एक, दोन, पाच आणि दहा ह्रिव्नियांच्या लहान पांढऱ्या नाण्यांवर अनुक्रमे व्होलोदिमिर, यारोस्लाव्ह, बोहदान ख्मेल्नित्स्की आणि इव्हान माझेपा या त्यांच्या इतिहासातील राज्यकर्त्यांची चित्रे आहेत. दहाचे तेवढे तुमच्याकडे नाही. ते मी माझ्याकडच्या जोडीतून मुलीसाठी टपालाने पाठवतो, त्याचे पैसे विचारू नका.

चोर्नोबिलचे नाणे अणुदुर्घटनेला दहा वर्षे झाल्यानिमित्त काढलेले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात चलन बदलले, त्यामुळे कार्बोवानेत्सच्या शेवटच्या नाण्यांपैकी हे एक. याला संग्राहक नेहमी मागणी ठेवतात आणि चांगल्या प्रतीच्या नाण्याला सुट्ट्या कोपियकांपेक्षा कितीतरी जास्त दर मिळतो. त्याला चिंच लागलेली नाही ना, हे एकदा सांगा. असे स्मारक नाणे सुट्ट्या पैशांत सहसा मिळत नाही, म्हणून ते मुलीच्या हाती कसे आले हे जाणून घ्यायला मला आवडेल. जे काही असेल ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून नाण्यासोबत ठेवा. पन्नास वर्षांनी तो बटवा ज्याच्या हाती पडेल त्याला धातू आणि साल दिसेलच, हे मात्र चिठ्ठीशिवाय कळणार नाही.

मंगरूळचे मास्तर यांचे उत्तर

सर, पुढचा मजकूर माझी मुलगी स्वतः लिहीत आहे.

काका, नमस्कार. त्या नाण्याला चिंच लागलेली नाही, कारण ते पांढरे असल्यामुळे आईने ते बाजूला ठेवले होते. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक वयस्कर बाई काम करत. आम्ही त्यांना बाबुस्या म्हणत असू, त्यांच्या भाषेत आजीला तसे म्हणतात. आम्ही वरणाला फोडणी दिली की वासाने त्या बाहेर येत आणि वाटीभर वरण पावासोबत आवडीने खात. ज्या सकाळी आमची बस निघाली त्या सकाळी त्यांनी प्रत्येकीच्या हातात पावाची गुंडाळी दिली. माझ्या गुंडाळीत हे नाणे होते. मला ते रुमानियात पोहोचल्यावर, पाव खायला काढला तेव्हा दिसले, त्यामुळे विचारायचे राहून गेले.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी लिहिली आहे. त्यावर एवढेच लिहिले: ‘२,००,००० कार्बोवानेत्स, १९९६, चोर्नोबिल. विन्नित्सिया वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील बाबुस्याकडून, पावासोबत. २८ फेब्रुवारी २०२२, सकाळी.’